पीठ उडवणारा फ

आमच्या घरात ‘श’ फक्त सकाळी असायचा. अप्पा, म्हणजे माझे वडील, आंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले की ‘शिव शिव’ असं अगदी स्वच्छ म्हणायचे. पूजा आटोपून ते गिरणीत आले की त्यांचा ‘श’ देवघरातच राही. मग दिवसभर ‘साळा’, ‘सेंगा’, ‘सहानपणा करू नको’. आईचं तेच आणि माझंही तेच. त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते मी मॅट्रिक झाल्यावर. परभणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मुली घेणार होते. सत्तरच्या दशकात आमच्या भागात डायल फिरवून गावोगावी फोन लागत नसत. फोन उचलला की एक्स्चेंजमधली बाई ‘नंबर प्लीज’ म्हणायची आणि आपण सांगू तो नंबर जोडून द्यायची. ती बाई व्हायचं म्हणून मी अर्ज केला होता. मार्क चांगले होते, इंग्रजीतसुद्धा. पण आमच्या हायस्कुलात इंग्रजी हा डोळ्यांचा आणि हाताचा विषय होता. सर धडा मराठीत सांगायचे, आम्ही उत्तरं पाठ करून इंग्रजीत लिहायचो. तोंडाला त्यात काही काम नव्हतं. आणि पत्र आलं ते तोंडी परीक्षेचं.

दुसरीकडे गंगाखेडचं एक स्थळ आलेलं होतं. कापडाचं दुकान, घरचे लोक बरे, मुलात काही खोट नव्हती. मलाच गिरणीतून उठून दुकानात जाऊन बसायची हौस नव्हती. अप्पांनी व्यवहारी माणसासारखा तोडगा काढला.

“हे बघ, नोकरी लागली तर गंगाखेडवाल्यायला थांबा म्हणतो. न्हाई लागली तर दिवाळीनंतर लगीन उरकून टाकू. पुना रडायचं न्हाई.”

“मी कशाला रडायलेय?” मी म्हणाले. सौदा ठरला.

आमची गिरणी ताडकळसच्या बाजाराच्या रस्त्यावर होती. डिझेलचं इंजिन, त्याच्यावरून जात्याच्या चाकापर्यंत गेलेला लांब पट्टा, आणि छपराबाहेर निघालेला धुराचा पाइप. इंजिन चालू असलं की पाइपातून पुक, पुक, पुक असा आवाज गावभर जायचा. आत काही बोललेलं ऐकू येत नसे. नवीन गिऱ्हाईक आलं की ओरडायचं आणि खोकत बसायचं. गिरणीच्या माणसांची रीत वेगळी होती. दोन पुकांच्या मध्ये एक फट असते. त्या फटीत एक शब्द टाकायचा, तोंड मोठं उघडून. पुढच्या फटीत दुसरा. ‘बारीक… दळू… का… जाडं?’ आवाज चढवायचाच नाही. अप्पा म्हणायचे, “इंजिनासंगं भांडू नको. ते दमत न्हाई, तूच दमशील.” मी चालायला लागल्यापासून हे बघत आले होते, त्यामुळं त्यात काही शिकण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नाही.

मला शिकवायला मिळाले ते चाचा. ते आमच्याच गल्लीत राहायचे. निजामाच्या काळात तारघरात होते, आता पेन्शनीत. बाजारच्या दिवशी ज्वारीची पिशवी घेऊन सकाळीच गिरणीत यायचे आणि दळण झालं तरी पोत्यावर बसून राहायचे. घरात नातवंडांचा गोंगाट सहन होत नाही म्हणायचे, गिरणीचा चालायचा. इंग्रजी ते उर्दूतून शिकले होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

एका बाजारच्या दिवशी, इंजिन सुरू व्हायच्या आधी, अप्पांनी त्यांना विषय सांगितला; पुढंही शिकवणी इंजिन बंद असतानाच व्हायची. चाचांनी मला समोर उभं केलं. “बोल बेटी, एकपासून दहापर्यंत इंग्रजीत.”

मी म्हणाले. चाचा ऐकत राहिले, मग अप्पांकडे वळले. “अप्पा, पोरगी हुशार हाय. फक्त इंग्रजी मराठीत बोलायलीय.”

“मंग कशात बोलू?” मी विचारलं.

“मराठीतच बोल. पण बरोबर मराठीत.”

ही त्यांची पद्धत. त्यांचं म्हणणं असं की साहेबाचे बहुतेक आवाज आपल्या घरात आधीच पडलेले असतात, फक्त चुकीच्या खोलीत. ते हुडकायचे आणि उचलून जागेवर ठेवायचे. त्यांनी स्वतः असंच केलं होतं. आता माझ्या घरातले आवाज माझे मीच हुडकायचे होते.

पहिला हुडकला तो शून्याचा. मी ‘झिरो’ म्हणायचे, आख्खा परभणी जिल्हा म्हणतो तसं. चाचांनी मान हलवली.

“हा झिम्म्यातला झ हाय. नक्को. हलका पायजे. तुमच्यात जहाज म्हणतात?”

“आमच्या गावात जहाज कुठलं, चाचा?”

“मंग काय हाय तुमच्या गावात?”

आई तिकडं चाळणीतून पीठ चाळत होती. ती म्हणाली, “जावई हाय की. सगळ्यायच्या घरी हाय.”

चाचांनी मांडीवर थाप मारली. “हौ! जावई! जिवातला ज नको, जावयातला ज. बोल, जावई. आता तोच ज घेऊन, ज़ीरो.”

मी म्हणाले. जमलं. मग ‘प्लीज’ पण जमलं, शेवटी तोच जावई होता. आई म्हणाली, “घ्या. जावई यायचाय अजून आन त्याचा ज आदीच येऊन बसला घरात.” त्यावर गिऱ्हाइकं पण हसली. मी हसले नाही, कारण गंगाखेड माझ्या डोक्यात होतं.

‘फ’ला मात्र चाचांनी पिठाचा उपयोग केला. जात्यापुढच्या फळीवरचं चिमूटभर पीठ माझ्या तळहातावर ठेवलं आणि तो हात ओठांसमोर धरायला लावला. “आता बोल, फुगा.” मी बोलले. सगळं पीठ त्यांच्या दाढीवर. “हा तुमचा फ,” दाढी झटकत ते म्हणाले. “दोन्ही ओठ मिटून एकदम सोडलेला. आता खालचा ओठ वरच्या दाताखाली घे, जरासा, चावू नको, आन हवा सोड.” पीठ नुसतं सरकलं, हातावरच राहिलं. “हा साहेबाचा. फोर. फाइव्ह.”

त्यानंतर आमच्या गिरणीत हा खेळच झाला. दळण होईपर्यंत बायका हातावर पीठ घेऊन ‘फोर’ म्हणायच्या आणि एकमेकींची तोंडं पांढरी करायच्या. एक म्हातारी तर दर बाजारला यायची आणि आधी विचारायची, “आज कंचं अक्सर हाय गं?” तिला दात नव्हते, त्यामुळं तिचा फ कधीच साहेबाचा झाला नाही. ती म्हणाली, “साहेबाचे दात पडल्यावर त्यो काय करत आसंल?” चाचांनी जिभेनं स्वतःचे दात चाचपून पाहिले.

सगळ्यात त्रास ‘श’नं दिला. आम्ही ‘श’च्या जागी ‘स’ म्हणतो हे चाचांनी दाखवून दिलं, तेव्हा मी विचारात पडले की हा आवाज घरात आहे तरी कुठं. शाळेत पाहिला तर तिथं साळा. शेंगांत पाहिला तर सेंगा. शेवटी तो सापडला अप्पांच्या पूजेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवघराच्या दारात उभी राहिले आणि अप्पांच्या तोंडाकडं बघत राहिले. ओठ जरा पुढं येत होते, गोल होत होते.

“काय गं, काय बघायलीस?” पूजा थांबवून अप्पा म्हणाले.

“श बघायलेय.”

“बघ. पण हात लावू नको, सोवळ्यात हाय.”

श मिळाला, पण मिळाल्यावर थांबेना. आमच्या बोलीत वाढलेल्या माणसांचं हे असंच होतं. एकदा कुणी ‘श म्हण’ असं सांगितलं की मग ती सगळीकडं श म्हणत सुटतात, चुकायला नको म्हणून. दोन दिवस माझे आकडे ‘शिक्श’ आणि ‘शेव्हन’ झाले. चहा करताना मी आईला ‘शाखर कुठंय’ विचारलं. आईनं शांतपणे साखरेचा डबा पुढं केला आणि म्हणाली, “घे. पण पोटात गेल्यावर ती साकरच होती बरं का.” चाचांनी डोक्याला हात लावला. “बेटी, ताजं मीठ मिळालं म्हणून सगळ्या भाजीत घालायचं नसतं.” मग त्यांनी मला दोन शब्द दिले, शिव आणि साप. शिवाच्या गळ्यात साप असतोच. एकामागून एक म्हणत राहायचं, शिव साप शिव साप, ओठ पुढं, ओठ मागं. मी धुणं धुताना म्हटलं, भाकरी थापताना म्हटलं. शेजारच्या काकूंना वाटलं मी सोळा सोमवार धरले. गंगाखेडच्या स्थळासाठी.

चाचांना एक गोष्ट मात्र येत नव्हती, आणि ती येत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. ‘स्टेशन’ला ते ‘इस्टेशन’ म्हणायचे. ‘स्पीड’ला ‘इस्पीड’. मी आधी ‘ठेसन’ म्हणायचे, त्यांच्याकडून ‘इस्टेशन’ शिकले आणि प्रगती झाली असं समजून चालले होते. ते पकडलं आईनं. आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण रेडिओवर ती बातम्या कान देऊन ऐकायची.

“ते रेडिओवाले इ लावत न्हाईत,” ती म्हणाली. “तू कशाला लावायलीस?”

“चाचा लावतात.”

“चाचा लावू दे. चाचाला कुटं नोकरी लागायचीय?”

मग तिनं चाचांचीच पद्धत वापरली. गिरणीच्या कोपऱ्यात चहासाठी रॉकेलचा स्टो होता, आम्ही त्याला ‘ष्टो’ म्हणायचो. आईनं त्याला पंप मारला. स्स्स असा आवाज सुरू झाला. “ह्यो आवाज आदी काड. दात मिटून. इ म्हणायला तोंड उघडावं लागतंय, तर उघडूच नको. आन मंग रस्त्यातला ‘स्ता’ आठव. र गिळून टाक.” स्स्स… स्ता… स्टेशन. आलं. मी आईकडं बघितलं. ती चहा गाळत होती. चाचांना मात्र आम्ही काही सांगितलं नाही.

तसं चाचांचं आणखी एक होतं. जन्म ताडकळसमध्ये गेला तरी त्यांना ‘ळ’ म्हणता येत नव्हता. ते ‘ताडकलस’ म्हणायचे. मी एकदा चिडवलं, “चाचा, साहेबाची भाषा शिकवता आन आपल्या गावाचं नाव नीट घेता येत न्हाई?”

“बेटी,” ते पोत्यावर रेलून म्हणाले, “मी गावातच बसलोय. गावाचं नाव घ्यायची मला काय गरज? नाव बाहेरचे लोक घेतात.”

परीक्षेच्या दिवशी अप्पा आणि मी सकाळच्या एसटीनं परभणीला गेलो. आईनं केसांना भरपूर तेल लावून घट्ट वेणी घातली होती आणि वर अबोलीचा गजरा. एक्स्चेंजच्या बाहेर बऱ्याच मुली होत्या. एक परभणीचीच, वडील कृषी विद्यापीठात नोकरीला, ती आपल्या मैत्रिणीशी इंग्रजीत बोलत होती. फाडफाड. मी ऐकलं. तिचा फ पहिल्यापासून साहेबाचा होता, तिला पीठ लागलं नसणार. अप्पांनी पण ऐकलं. ते मला म्हणाले, “गंगाखेडचा पोरगा तसा वाईट न्हाई हां.”

“अप्पा, गप बसा.”

आत एका सुपरवायझर बाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि डोक्यावर हेडफोन चढवला. तो तेलावरून घसरला, गजऱ्यात अडकला, शेवटी त्यांनी गजरा काढून टेबलावर ठेवला. शेजारच्या खोलीत साहेब फोनवर होते. ते नंबर सांगतील, मी ऐकून परत म्हणायचा, त्यांना कळलं पाहिजे. एवढीच परीक्षा. मधल्या तारेत मुद्दाम की काय, पण भयंकर खरखर होती.

आयुष्यात पहिल्यांदा मी फोन कानाला लावला होता. पलीकडून लांबून काहीतरी आवाज आला आणि मी जीव खाऊन ओरडले, “हॅलोऽऽ!”

बाई दचकल्या. भिंतीपलीकडून साहेबांच्या खुर्चीचा आवाज झाला.

“अगं, हे भिंतीतूनच ऐकू गेलं,” बाई म्हणाल्या. “मग सरकारनं तारा कशाला ओढल्या?”

आता दिवाळीनंतर लग्न, असं अगदी स्पष्ट दिसलं मला, कापडाच्या ताग्यांसकट. साहेब पुन्हा काहीतरी बोलत होते आणि खरखरीत ते बुडत होतं. खर्र, खर्र, खर्र. मी ऐकत राहिले. आणि मग लक्षात आलं की ही खरखर सारखी नाही. तिच्यात फटी आहेत. हे तर आमचं इंजिनच होतं, फक्त लहान.

इंजिनासंगं भांडायचं नसतं.

मी आवाज खाली आणला. साहेबांनी नंबर सांगितला. ते दक्षिणेकडचे होते. एटला ‘येट’ म्हणाले. क्षणभर मला प्रश्न पडला. त्यांच्यासारखं म्हणावं तर चाचांनी शिकवलेलं वाया, आपल्यासारखं म्हणावं तर साहेबांना वाटायचं ही मला सुधारायलीय. पण चाचा म्हणाले असते, त्यांनी त्यांच्या घरातला आवाज काढलाय, तू तुझ्या घरातला काढ. मी एकेका फटीत एकेक आकडा ठेवला. फोर. एट. ज़ीरो. फाइव्ह. दोन पुकांच्या मध्ये ठेवावा तसा. तोंड मोठं उघडून, ओठ पुढं, ओठ मागं. तिथं माझं तोंड बघायला कुणी नव्हतं, बाई सोडून. त्या बघतच राहिल्या.

“यस,” साहेब म्हणाले. दुसरा नंबर. “यस.” तिसरा, त्यात दोनदा सिक्स आणि एकदा सेव्हन. शिव नको, साप साप साप. “यस.” मग स्टेशनरोडचा एक पत्ता. दात मिटून स्टो पेटवला. “यस, यस. करेक्ट.”

नंतर त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. कुठून आलीस, विचारलं.

“ताडकळस, सर.”

“ताडकळस,” ते म्हणाले.

मी चमकून बघितलं. इतका स्वच्छ ळ मी आमच्या गावाबाहेरच्या माणसाकडून ऐकला नव्हता. त्यांच्या भाषेत तो असतो, हे मला पुढं कळलं. त्या वेळी फक्त बरं वाटलं. त्यांनी आणखी विचारलं, असं थांबून थांबून बोलायला कुठं शिकलीस? कुठल्या कॉन्व्हेंटमध्ये? मी म्हणाले, “वडिलांची पिठाची गिरणी आहे, सर.” त्यांना त्याचा काही अर्थ लागला नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

बाहेर अप्पा एका हातात गजरा घेऊन उभे होते. बाईंनी तो त्यांच्याकडं पाठवून दिला होता.

“काय झालं? आदी लय मोठ्यानं ओरडलीस. इथपर्यंत आलं. मंग काहीच आलं न्हाई. मला वाटलं बाहेर काढलं तुला.”

“मंग मी फटीत बोलायला लागले.”

अप्पांनी गजरा माझ्या हातात दिला. “हां,” ते म्हणाले. “मंग ऐकू आलं आसंल.”

पत्र आलं ते बाजारच्या दिवशीच. गिरणीत गर्दी, पोत्यावर चाचा, जात्यावर कुणाची तरी ज्वारी. पोस्टमननं लिफाफा अप्पांच्या पिठाच्या हातात दिला. अप्पांनी तो चाचांना दिला, कारण इंग्रजी पत्र आजपर्यंत गावात तेच वाचत आले होते. चाचांनी चष्मा लावला, तोंड उघडलं, आणि पुक पुक पुक. फटीत बोलायची सवय त्यांना नव्हती, इतकी वर्षं बसूनसुद्धा.

अप्पा उठले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

चालू दळणात इंजिन बंद केलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पट्टा फडफडला, जातं गरगरत हळू झालं, आणि गिरणीत एवढी शांतता झाली की रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू यायला लागला.

“अप्पा!” ती बिनदाताची म्हातारी ओरडली. “माझी जवारी अर्धीच झालीय!”

“थांब गं. कागुद वाचायचाय.”

चाचांनी वाचलं, सावकाश, तारघरातल्या आवाजात. माझी निवड झाली होती. अमुक तारखेला परभणीच्या एक्स्चेंजच्या ‘इस्टाफ’मध्ये हजर व्हायचं होतं.

“स्टाफ,” आई कोपऱ्यातून म्हणाली.

चाचांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. “काय?”

“स्टाफ, चाचा. रस्त्यातला. र गिळायचा.”

सगळी गिरणी बघत होती. चाचांनी दात मिटले, स्स केलं, आणि म्हणाले, “…इस्टाफ.” मग स्वतःच एवढे हसले की पोत्यावरून घसरले. “माझं जाऊ द्या. मला कुटं नोकरी लागायचीय?” आईचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं होतं म्हणजे. मी आईकडं बघितलं. ती स्टोला पंप मारत होती.

अप्पांनी पत्र घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं. त्यावर पिठाचे अंगठे उमटले होते. रुजू होताना तसंच दिलं.

“गंगाखेडला निरोप धाडतो,” ते म्हणाले. “थांबा म्हणून.”

गंगाखेडवाले काही थांबले नाहीत, आणि त्यांनी थांबावं असं मलाही वाटत नव्हतं.

“आन माझी जवारी?” म्हातारी म्हणाली.

अप्पांनी इंजिनाला हँडल घातलं. पुक, पुक, पुक. म्हातारी माझ्याकडं बघून हसली आणि तोंड मोठं उघडून, बरोबर दोन पुकांच्या मध्ये म्हणाली, “फोर!” समोरच्या फळीवरचं सगळं पीठ उडालं.